सातवा टोला आणि भिंगरीचा अंगठा

त्या बुधवारी दुपारी तीन वाजता बंद पडलेल्या जिममध्ये इतकी गर्दी होती, की जिम चालू असताना यातली निम्मी जरी आली असती तरी मालकावर ती बंद करायची वेळ आली नसती. जिन्यावर चपलांचा खच पडला होता. वजनं ठेवायच्या लोखंडी रॅकवर लोकांनी पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या, आणि एका बाईनं तर झोपलेलं बाळच ठेवलं होतं. तीन भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत आरसे होते. त्यामुळे दोनशे माणसं सहाशे दिसत होती, आणि घंटेच्या नादानं आजार बरे करणाऱ्या नादमाईंचा भाचा बाहेर सगळ्यांना सहाशेच सांगत होता.

नादमाई जिथे बसल्या होत्या तिथे पूर्वी धावायचं मशीन होतं. म्हणजे माणूस घाम गाळून पळतो आणि कुठेच पोचत नाही, ती जागा. पांढरा झगा, कपाळावर केसांची बट, समोर चौरंग आणि चौरंगावर एक पितळी घंटा.

"डोक्यात काय असतं?" माईंनी विचारलं.

"वीज," गर्दी म्हणाली.

"वीज कुणाला भिते?"

"नादाला."

"आणि नाद कुणाला भितो?"

इथे गर्दी अडखळली, कारण मागच्या बुधवारी हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

"कुणालाच नाही," माईंनी स्वतःच उत्तर दिलं, आणि गर्दीनं हुश्श केलं.

आधी उचकीवाल्या काकांचा नंबर लागला. हे निवृत्त चित्रकला शिक्षक तीन दिवस उचक्या देत होते. त्यांच्या बायकोनं तर सवयीनं वाक्यांमध्ये मोकळ्या जागा सोडून ऐकायला सुरुवात केली होती. माईंनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले, घंटेचे सात टोले दिले, आणि उचकी थांबली. काका रडले. मग ते कोपऱ्यात जाऊन बसले आणि दहा मिनिटांनी रुमालात तोंड खुपसून, कुणाला वाईट वाटू नये म्हणून हळूच, पुन्हा उचक्या देऊ लागले. पण तोपर्यंत त्यांच्याकडे कोण बघतंय?

या गर्दीत तिसऱ्या रांगेत भिंगरीची आई बसली होती, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून बारा वर्षांची भिंगरी पेंगत होती. पेंगणारच. काल संध्याकाळपासून तिच्या पोटात अन्न नव्हतं, रात्रभर तिला जागं ठेवलं होतं, आणि कालची रात्रीची आणि आजची सकाळची अशा फिटच्या दोन गोळ्या मुद्दाम चुकवल्या होत्या. माईंचा नियमच होता तसा. शेजारच्या दुकानातली इस्त्रीवाली मावशी तो घेऊन आली होती. "रिकामं भांडंच वाजतं गं," ती म्हणाली होती. "भरल्या भांड्यात नाद कुठून शिरणार?"

भिंगरीची आई काही भोळीभाबडी नव्हती. कपडे अल्टर करायचं तिचं छोटं दुकान होतं: पँट आखूड करा, चेन बदला, दंडात सैल करा. लोक स्वतःच्या मापाबद्दल किती खोटं बोलतात हे तिच्याइतकं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्याकडे मापांची एक जाड वही होती, आणि त्याच वहीत, गिऱ्हाइकांच्या कमरांच्या अध्येमध्ये, भिंगरीच्या फिटची नोंद असे. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं, की किती वेळ चालली आणि कुठल्या हातापासून सुरू झाली ते लिहून ठेवा. आणि माणसाच्या हाताशी जी वही असते त्यातच तो लिहितो. चार वर्षांत एकेचाळीस नोंदी झाल्या होत्या. पहिली लिहिताना ती इतकी गडबडली, की खालच्या ओळीतल्या गिऱ्हाइकाची बाही दोन इंच लांब शिवली गेली.

आता खरी गंमत पुढे आहे. डॉक्टरीणबाईंनी गोळीचं प्रमाण नीट बसवल्यापासून गेले आठ महिने एकही फिट आली नव्हती. दुसरी कुणी असती तर निवांत झाली असती. पण काळजीचं गणित उलटं असतं. "आठ महिने आली नाही, म्हणजे आता कधीही येईल," असं आईचं गणित. फिट येत होत्या तेव्हा ती फक्त फिट आल्यावर घाबरायची. येणं थांबल्यापासून ती चोवीस तास घाबरायची. भिंगरी अंघोळीला गेली की ही दाराबाहेर उभी. सायकल बंद, पोहणं बंद, शाळेची सहल बंद. रात्री झोपताना ती शिवणाचा दोरा भिंगरीच्या घोट्याला आणि स्वतःच्या मनगटाला बांधायची, म्हणजे पाय हलला की कळेल. एकदा भिंगरीनं तो दोरा सोडून मांजराच्या पायाला बांधला. मांजर उंदरामागे निघालं, आणि आई अंथरुणातून थेट स्वयंपाकघरात.

"आई, तुला काहीतरी झालंय," भिंगरी म्हणाली होती.

"मला काही होत नाही. तुलाच होतं."

"मला दोन मिनिटं होतं. तुला कायमचं झालंय."

भिंगरीचे बाबा ट्रक चालवायचे आणि महिन्यातले वीस दिवस बाहेर असायचे. ते फोनवर म्हणायचे, "डॉक्टर सांगतील तसं कर." पण डॉक्टर सांगायच्या, "अजून निदान दोन वर्षं गोळ्या, मग बघू." आणि नादमाई म्हणत होत्या, "सात टोले." दोन वर्षं आणि सात टोले यात घाबरलेला माणूस काय निवडेल?

तर त्या बुधवारी, उचकीवाल्या काकांनंतर अर्ध्या तासानं, भिंगरीची मान ताठ झाली, उजव्या हाताची मूठ वळली, आणि ती खाली कोसळली. आठ महिन्यांनंतरची ती पहिली.

गर्दी मागे सरली. आई मात्र पुढे. चार वर्षांची सवय: भिंगरीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणीची घडी, आणि नजर मनगटाच्या घड्याळावर.

"ताई, घड्याळ काढा," भाचा म्हणाला. त्याच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइल चालू होता. "नादाला काळाचं बंधन चालत नाही. डोळे मिटा. सगळ्यांनी मिटा."

आणि चार वर्षांत पहिल्यांदाच, लेक समोर झटके देत असताना, आईनं घड्याळ काढलं आणि डोळे मिटले. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. कुणीतरी म्हणालं होतं की तू बघू नकोस, मी बघते.

टण्. टण्. टण्. मध्ये माईंचं बोलणं, मग पुन्हा टण्. सहावा टोला झाला, मग वीज, आकाश, सात जन्म आणि आठवी दिशा यांवर बरंच काही, आणि मग सातवा. आईनं डोळे उघडले तर भिंगरी शांत पडली होती.

जिम दणाणली. इस्त्रीवाल्या मावशीनं गळ्यात पडून आईला अर्धं गुदमरवलं. माईंनी हात वर केला. "पुढच्या बुधवारी या लेकीच्या गोळ्या या पेटीत पडतील. सगळ्यांसमोर. मग आयुष्यात गोळी नाही." भाच्यानं लगेच एक पेटी दाखवली. ती जिममधली तक्रारपेटी होती. त्यानं फक्त 'तक्रार' या शब्दावर कागद चिकटवला होता.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावातल्या प्रत्येक मोबाइलवर गेला. भाच्यानं त्याला मागून सनईसारखं काहीतरी संगीत लावलं होतं. दुकानात गिऱ्हाइकं येऊन आईला म्हणू लागली, "नशीबवान आहात हो." पँट आखूड करायला आलेला माणूसही जाताना हात जोडून गेला. आईनं गोळ्यांचा डबा मशीनच्या खणात ठेवला. बुधवारपर्यंतच द्यायच्या होत्या. डब्यात नेमक्या किती उरल्यात हे ती दिवसातून चारदा उघडून बघायची, आणि का कोण जाणे, दर वेळी दोनदा मोजायची.

आईचा मोबाइल साधा होता, म्हणून शुक्रवारी शाळेतून आल्यावर भिंगरीनं इस्त्रीवाल्या मावशीचा मोबाइल मागून घेतला आणि दुकानातल्या कापडांच्या ढिगाऱ्यावर पालथी पडून व्हिडिओ बघायला लागली. एकदा, दोनदा, दहादा.

"पुरे झालं," आई म्हणाली. "काय बघतेस सारखं ते?"

"मला."

"म्हणजे?"

"अगं, सगळ्यांनी मला फिट येताना बघितलंय. तू, बाबा, वर्गातल्या सगळ्या, ती दूधवाली, तिचा कुत्रा. मी सोडून. मी त्या वेळी नसतेच ना. मला वाटायचं मी काहीतरी भयंकर दिसत असेन, तोंडातून धूर वगैरे." भिंगरीनं स्क्रीन जवळ धरला. "काहीच नाही गं. नुसती हलतेय. दाराची कडी सैल झाल्यासारखी."

आईनं सुईत दोरा ओवायला घेतला आणि तो तीन वेळा चुकला.

"आई, इकडे ये. माझा अंगठा बघ."

"मी नाही बघणार तो व्हिडिओ."

"का?"

"एकदा बघितलंय तेवढं बस."

"तू कुठे बघितलंस? तू डोळे मिटले होतेस."

आई उठली, स्टुलावर बसली आणि एखादी फाटलेली शिवण तपासावी तसा चेहरा करून बघू लागली. आणि शिवण तपासणारी बाई एकदा बघायला लागली की सगळं बघते. पहिल्या टोल्याला मूठ घट्ट. दुसऱ्या, तिसऱ्यालाही घट्ट. सहाव्या टोल्यालाही. मग माईंचं ते आठव्या दिशेचं पुराण सुरू झालं. आणि पुराणाच्या मधोमध, घंटा चौरंगावर निवांत पडलेली असताना, भिंगरीच्या उजव्या हाताचा अंगठा अलगद बाहेर आला. मग बोटं सुटली. मग खांदा सैल पडला.

आणि मग, त्यानंतर, टण्. सातवा.

"पुन्हा लाव," आई म्हणाली.

भिंगरीनं आवाज बंद करून लावला. आता सनई नव्हती, पुराण नव्हतं. आईनं घड्याळ समोर धरलं. अंगठा सुटला आणि घंटा हलली यांत नऊ सेकंद.

"आधी मी थांबले," भिंगरी म्हणाली, "मग त्यांनी वाजवली. कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवत नाही, असं सर सांगतात. इथे तर सूर्य उगवून वर आला, मग कोंबडा जागा झाला, आणि आपण कोंबड्याला हार घातला."

"पण त्यांना कळलं कसं की थांबली? डोळे तर त्यांनीही मिटलेले."

भिंगरीच्या गालावर खळी पडली. ती याच प्रश्नाची वाट बघत होती. तिनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं. भाच्यानं माईंचा चेहरा दिसू नये म्हणून मागून चित्रण केलं होतं, पण जिमच्या आरशाला हे कुणी सांगितलं नव्हतं. आरशात नादमाई अगदी स्पष्ट दिसत होत्या: उजवा डोळा भक्तिभावानं गच्च मिटलेला, आणि डावा टक्क उघडा, भिंगरीच्या मुठीवर.

आई एवढ्या जोरात हसली की पलीकडून इस्त्रीवाली मावशी इस्त्री तशीच ठेवून धावत आली, आणि एका सज्जन माणसाचा शर्ट कायमचा गेला.

हसू ओसरलं तसं आईनं मापांची वही काढली. आधीची प्रत्येक फिट तिनं पुन्हा वाचली. मग पानाच्या शेवटी बुधवारची रिकामी राहिलेली नोंद बघितली, आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. कशी आली, कुठे आली, घंटा, पेटी, सगळं एका दमात सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, "आदल्या रात्री झोपली होती?"

"नाही. जागरण करा म्हणाले होते."

"जेवली होती?"

"नाही."

"गोळी?"

आईनं भिंगरीकडे पाठ फिरवली. "दोन चुकवल्या."

"हे बघा ताई. जागरण, उपास आणि गोळी चुकवणं. उद्या मला कुणाला मुद्दाम फिट आणायची असेल ना, तर मीसुद्धा हीच तीन औषधं लिहून देईन. आणि बहुतेक फिट एकदोन मिनिटांत आपोआप थांबतात. घंटा वाजवा नाहीतर ताटं वाजवा. पाच मिनिटं झाली आणि थांबली नाही, तर मात्र वाट न बघता दवाखाना."

म्हणजे आधी घराला काडी लावायची, मग आग आपली आपण विझली की रिकामी बादली घेऊन फोटो काढायचा. "मीच आणली म्हणजे," आई म्हणाली. "आठ महिन्यांची मी घालवली."

"तुम्ही घाबरला होतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घाबरण्यावर अजून गोळी निघालेली नाही, निघाली की पहिली तुम्हाला देईन. आज रात्रीची वेळेवर द्या."

रात्रीची गोळी आईनं घड्याळ बघून दिली. भिंगरी पाण्याचा घोट गिळून म्हणाली, "बुधवारी जायचं ना आपण?"

"आता कशाला जायचंय? झालं ते झालं."

"पण पेटी माझी आहे. सगळे माझ्यासाठी येणार आहेत." मग ती म्हणाली, "आणि मावशी सांगत होती, माझा व्हिडिओ बघून एक बाई तिच्या मुलाला घेऊन येणार आहे. त्यालाही उपाशी ठेवून."

आईनं दिवा मालवला नाही. वही मांडीवर घेऊन ती एकेका नोंदीपुढे घंटा होती की नव्हती ते लिहीत बसली.

बुधवारी जिममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आरशांतली धरून आता हजारभर तरी माणसं असतील. भाच्यानं भिंतीवरच्या जुन्या टीव्हीवर, जिथे पूर्वी व्यायामाची गाणी लागायची, भिंगरीचा व्हिडिओ दर पाच मिनिटांनी लावायला सुरुवात केली होती. पेटी चौरंगाशेजारी, आज तिला फुलांची माळ.

"ये लेकी," माई म्हणाल्या. "डबा आणलास?"

"आणलाय," भिंगरी म्हणाली, आणि चेहऱ्यावर असा गरीबपणा आणला, की तिला ओळखणाऱ्या वर्गमैत्रिणींनी ताबडतोब एकमेकींना कोपरखळ्या मारल्या. "पण त्याआधी दादा, एकदा व्हिडिओ लावाल? मी स्वतःला कधी बघितलंच नाही हो."

भाचा विरघळला. असा प्रश्न विचारणारा भक्त त्याला आजवर भेटला नव्हता. त्यानं लावला.

"आवाज बंद करा ना दादा. मला भीती वाटते."

त्यानं बंद केला.

"थांबवा. इथेच. सगळे बघा हं, हा माझा अंगठा. सुटला की नाही?"

"सुटला," पुढची रांग म्हणाली.

"आता हळूहळू पुढे. घंटा कुठे आहे?"

"चौरंगावर," गर्दी म्हणाली. प्रश्नोत्तरांची सवय होतीच. फक्त विचारणारी बदलली होती.

"आणि आता?"

टीव्हीवर नादमाईंचा हात घंटेकडे निघाला. उत्तरादाखल कोपऱ्यातून फक्त एक उचकी आली.

माई कसलेल्या होत्या. त्यांनी डोळेसुद्धा मिचकावले नाहीत. "अज्ञानी लेकरू. नाद आधी आत वाजतो. कानाला नंतर ऐकू येतो."

"मग सातवा वाजवता कशाला?" भिंगरी म्हणाली. "आत वाजलाच असेल ना. हात दुखतो उगाच."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. भाचा घाईघाईनं रिमोट दाबायला गेला, आणि गोंधळात चित्र बंद व्हायच्या ऐवजी तिथेच गोठलं. आरशासकट.

"अहो, हे काय," वाचनालयवाले गृहस्थ चष्मा वर करत म्हणाले. "माईंचा डावा डोळा उघडा आहे."

"तो अंतर्चक्षू आहे," माई म्हणाल्या.

"मग तो बाहेर काय करतोय?"

आता हसू आवरणं अवघड होतं, पण हसणं म्हणजे पटणं नव्हे. बँकेतले साहेब उभे राहिले. भारदस्त माणूस, गावात शब्दाला वजन. "ते काही असो. मुलीची आकडी थांबली की नाही? डोळ्यांदेखत थांबली. घंटेनं नाही तर मग कशानं?"

तेव्हा भिंगरीची आई उठली. चार माणसांत बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून तिनं वही उघडली आणि सरळ वाचायलाच सुरुवात केली, दुकानात वाचायची तशी.

"भिंगरी, एक मिनिट चाळीस सेकंद, घरी, घंटा नाही. भिंगरी, पन्नास सेकंद, बसमध्ये, घंटा नाही. वाचनालयवाले, पँट, कमर अडतीस, छत्तीस लिहा म्हणाले. भिंगरी, दोन मिनिटं दहा सेकंद..."

"अहो, तेवढं गाळा," वाचनालयवाले म्हणाले.

"ओळीत आलंय. भिंगरी, एक मिनिट पस्तीस सेकंद, शाळेत. इथे घंटा होती. पन्नासाव्या सेकंदाला शाळा सुटल्याची घंटा झाली. आकडी चालूच राहिली, सुटली फक्त शाळा. पुढे, बँकेतले साहेब, कोट, पोट आत ओढून बेचाळीस, सोडून सेहेचाळीस..."

साहेब बसले. खुर्चीनंही करकरून त्या आकड्याला दुजोरा दिला.

"एकेचाळीस वेळा आली," आई म्हणाली. आता तिनं वहीतून मान वर केली होती. "एकेचाळीस वेळा थांबली. कुणी वाजवलं नाही, कुणी फुंकलं नाही, कुणी चप्पल हुंगवली नाही. आपोआप. मग आठ महिने आलीच नाही, ती गोळ्यांमुळे. बेचाळिसावी इथे आली, आणि ती मी आणली. उपाशी ठेवून, जागं ठेवून, गोळी चुकवून. कारण इथला नियम तो होता. ज्यांना फिट येते त्यांनाच हा नियम का, ते यांना विचारा. फिट आलीच नाही तर थांबवणार काय?"

"माझं डोकं मात्र दुखायचं थांबलं होतं हो घंटेनं," एक बाई म्हणाली.

"किती वेळानं?"

"संध्याकाळपर्यंत."

"एरवी किती वेळ दुखतं?"

बाई विचारात पडली. "संध्याकाळपर्यंतच."

माईंनी शेवटचा उपाय केला. घंटा उचलली आणि कोपऱ्याकडे वळल्या. "प्रत्यक्षाला प्रमाण कशाला? काका, पुढे या." सात टोले पडले, अगदी सावकाश. या वेळी कुणीही डोळे मिटले नाहीत. सातव्यानंतर काका आशेनं श्वास रोखून उभे राहिले, नंतर अत्यंत दिलगिरीनं म्हणाले, "माफ करा माई, हिक्."

"नादाला संशय चालत नाही," म्हणत नादमाई उठल्या. झगा सावरत, घंटा काखेत मारून त्या जिना उतरल्या. मागोमाग भाचा पेटी घेऊन. उतरताना पेटीवरचा कागद निघाला, आणि 'तक्रार' हा शब्द सगळ्या गावानं वाचला.

गर्दी पांगायला वेळ लागला. काहीजण म्हणाले की माई चांगल्या होत्या, भाचा वाईट. काहीजण म्हणाले की आम्हाला पहिल्यापासून शंका होती. भिंगरी मैत्रिणींना स्वतःची फिट करून दाखवत होती, व्हिडिओतल्यासारखी, आणि एकीचा अंगठा बरोबर येत नाही म्हणून तिला रागावत होती.

तेवढ्यात एक तरुण बाई भिंगरीच्या आईसमोर येऊन उभी राहिली. कडेवर सहा-सात वर्षांचा मुलगा. एवढा मोठा मुलगा कुणी कडेवर घेत नाही. पण ज्याच्या खाली पडण्याची भीती असते त्याला खाली कोण ठेवतं? मुलाचे ओठ सुकले होते आणि डोळे झोपेनं तांबडे झाले होते.

"मी तीन तास प्रवास करून आलेय," बाई म्हणाली. आवाजात राग होता, आणि तो नेमका कुणावर करायचा हे तिला ठरवता येत नव्हतं. "तुम्ही हसलात सगळे. आता मी काय करू?"

भिंगरीच्या आईला हा प्रश्न चांगलाच ओळखीचा होता. चार वर्षं ती तोच विचारत होती.

"गोळ्या आहेत जवळ?"

"आहेत. पेटीत टाकायला आणल्या होत्या."

"सकाळची दिली नाहीस ना? आधी तुझ्या डॉक्टरांना फोन लाव, चुकलेली आता देऊ का म्हणून विचार. हा माझा मोबाइल घे. भिंगरे, खाऊच्या डब्यातली पोळी आण इकडे. याला खायला घाल."

फोन लागला. पलीकडून दोन वाक्यांत उत्तर आलं. मुलानं आईच्या हातून गोळी घेतली, पाणी प्यायला, आणि मग पोळीवर असा तुटून पडला की भिंगरीनं गुपचूप दुसरीही पुढे सरकवली.

"आणि पुन्हा आली तर?" बाईनं विचारलं. "पुन्हा आली तर काय धरायचं? कशावर विश्वास ठेवायचा?"

"येईलही. मी खोटं सांगत नाही. आली की कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस, दाबून धरू नकोस, डोक्याखाली मऊ ठेव आणि घड्याळ बघ. पाच मिनिटं झाली तर दवाखाना. भीती वाटेल, ती मलाही वाटते, आत्ता या क्षणालाही वाटतेय. पण कुणी म्हणालं, डोळे मीट, बाकीचं मी बघते, तर तिथून उठ. चमत्कार खरा असेल तर तो उघड्या डोळ्यांनीही दिसेल. आणि पोराला आपण बघायचं नाही, तर कुणी बघायचं?"

बाईनं मान हलवली. पटलं की नुसती दमली होती, सांगणं कठीण. तिनं मुलाला हळूच कडेवरून उतरवलं. तो जरा डगमगला, उभा राहिला, आणि तोंडात पोळी कोंबून थेट आरशासमोर गेला. तिथे तीन बाजूंनी तीन पोरं त्याच्याकडे बघत होती. त्यानं जीभ काढली. तिघांनीही काढली.

त्याची आई जागेवरून हलली नाही. फक्त मनगट वळवून तिनं एकदा घड्याळ बघितलं, आणि त्याला खेळू दिलं.